लघवी साफ होते, तरीही

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या शेजारच्या अठ्ठावन्न वर्षांच्या काकूंनी रक्ततपासणीचा कागद माझ्यापुढे धरला आणि विचारले, "लघवी त साफ होते भाऊ, मंग किडनीले काय झालं?" क्रिएटिनिन (मूत्रपिंडे रक्तातून बाहेर टाकतात तो एक कचरा) १.२ होते आणि छापील मर्यादाही १.२ पर्यंतच होती, तरी डॉक्टरांनी लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन तपासायला सांगितले होते.

निरोगी मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा नलिकांमधून परत रक्तात घेतात. गाळण ३० लिटरवर आली, तरी परत घेणेही तेवढ्याच लिटरने कमी होते, म्हणून लघवी तेवढीच दिसते.

खरी गंमत क्रिएटिनिनच्या हिशेबात आहे. हा स्नायूंमधून रोज जवळपास ठरावीक प्रमाणात निघणारा कचरा आहे. समजा, एखाद्या किरकोळ अंगाच्या बाईच्या शरीरात तो रोज ७८० मिलिग्रॅम तयार होतो आणि मूत्रपिंडे १३० लिटर गाळतात. तेव्हा लिटरमागे ६ मिलिग्रॅम, म्हणजे कागदावरच्या मापात (१०० मिलिलिटरमागे मिलिग्रॅम) ०.६, एवढ्यावर आवक-जावक जुळते. गाळण निम्मी, ६५ लिटर झाली, की कचरा साचत जातो आणि लिटरमागे १२ मिलिग्रॅम झाल्यावरच पुन्हा रोजचे ७८० बाहेर पडू लागतात. कागदावर १.२ येते, म्हणजे निम्मे काम बंद पडूनही आकडा मर्यादेतच राहतो. म्हणून वय व लिंग धरून ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडे मिनिटाला किती गाळतात याचा अंदाज, काढतात: १.२ वर पंचविशीतल्या तरुणाचा तो मिनिटाला सुमारे ८६ मिलिलिटर येतो, काकूंचा मात्र ५२ च्या आसपास. तो ६० च्या खाली तीन महिन्यांहून अधिक काळ राहिला, तर दीर्घकालीन मूत्रपिंडविकार मानतात. लघवीतील अल्ब्युमिन त्याच्याही आधी इशारा देऊ शकते. मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्यांनी या दोन्ही तपासण्या वर्षातून एकदा तरी कराव्यात.

मे महिन्याच्या उन्हात वखरणी करून अंग दुखते म्हणून डायक्लोफिनॅकची गोळी घेणे आपल्याकडे सर्रास चालते. शरीरातले पाणी आटलेले असताना मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी उघडी ठेवणारे रसायनच ही गोळी रोखते. आठवडी बाजारातल्या 'किडनी साफ करणाऱ्या' चूर्णाबद्दल एवढेच सांगतो की मेलेली गाळणी कोणत्याही चूर्णाने जिवंत होत नाही आणि भस्मांत शिसे किंवा पारा असू शकतो.

काकूंच्या पत्र्याच्या पेटीत दोन वर्षांपूर्वीचा कागद सापडला. त्यावर क्रिएटिनिन ०.७ होते.