हर्णैचा हवामान अंदाज: पाऊस नंतर, आधी वारा आणि लाट बघा

टीव्हीवर सांगतात "कोकणात तुरळक ठिकाणी मुसळधार", रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा पिवळा होतो आणि बातमी संपते. दापोली तालुक्यातल्या हर्णै बंदरावरच्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, यातून काय कळलं? जवळजवळ काहीच नाही. पावसात भिजायला कोणी घाबरत नाही हो, त्याला वारा किती, लाट किती आणि परत येताना खाडीच्या तोंडावर पाणी किती हे पाहिजे असतं, आणि या तीन गोष्टी एकाच अंदाजात एका ठिकाणी फार क्वचित मिळतात.

आधी ते "तुरळक" बघू, कारण लोकांना वाटतं तुरळक म्हणजे थोडासा पाऊस. हवामान खात्याच्या भाषेत तुरळक हे प्रमाण नाही तर पसारा आहे, म्हणजे त्या भागातल्या चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी केंद्रांवर तसा पाऊस होईल. आणि 'जोरदार' किंवा 'मुसळधार' कधी म्हणायचं याचा आकडा ठरलेला आहे, २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर, अतिजोरदार म्हणजे ११५.६ च्या वर, आणि २०४.५ पासून पुढे अत्यंत जोरदार. म्हणजे "तुरळक ठिकाणी अत्यंत जोरदार" असेल तर थोड्या जागी पडेल पण जिथे पडेल तिथे झोडपून काढेल.

आता अडचण अशी की कॉम्प्युटरचं मॉडेल गाव बघत नाही, चौकोन बघतं. हवामान खात्याचं जागतिक मॉडेल बरीच वर्षं साधारण १२ किलोमीटरच्या चौकोनांवर चालायचं, मे २०२५ मध्ये भारत फोरकास्ट सिस्टीम आली आणि ते ६ किलोमीटरवर आलं, सुधारणा मोठीच आहे. पण १२ किलोमीटरच्या एका चौकोनात हर्णैचा किनारा, समोरच्या सुवर्णदुर्ग किल्ल्यापलीकडचं पाणी आणि दापोलीकडे चढणारा घाट असं सगळं एकत्र येऊ शकतं! दापोली उंचावर, थंडीत पारा १० च्या आसपास उतरतो, आणि खाली हर्णैला समुद्र रात्रभर हवा उबदार ठेवतो. तर ॲपवर "हर्णै" लिहिलेलं दिसलं तरी तो आकडा बऱ्याचदा आजूबाजूच्या चौकोनांवरून काढलेला असतो, एवढं लक्षात ठेवून वाचायचं.

वाऱ्याचं गणित मात्र सरळ आहे. पावसाळा सोडला तर रोजचा खेळ ठरलेला, रात्री जमीन लवकर थंड होते म्हणून पहाटे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे, त्याच्यावर होड्या बाहेर पडतात, आणि दुपारी जमीन तापली की खारा वारा उलटा येतो, मार्च ते मे मध्ये बहुतेक वायव्येकडून आणि चांगला जोरात, तीन-चारच्या सुमारास सगळ्यात जास्त. मच्छीमारांसाठीच्या इशाऱ्यात "ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५ पर्यंत" असं येतं तेव्हा शेवटचा आकडा आधी वाचा, कारण वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे २० चा वारा ४० झाला तर होडीवरचा जोर दुप्पट नाही, चौपट.

लाटेचा आकडा तर त्याहून फसवा. हैदराबादची इन्कॉइस संस्था रोज समुद्राचा अंदाज काढते, त्यात समजा "लाट २.५ मीटर" लिहिलंय, तर ती सगळ्यात मोठी लाट नाही. आलेल्या लाटांतल्या वरच्या एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. काही तास समुद्रात असाल तर मधूनच एखादी जवळपास दुप्पट उंचीची येणारच, ते अपघाताने नाही, लाटांचा हिशोबच तसा आहे. दुसरं म्हणजे दोन लाटांमधले सेकंद, हे बहुतेक जण बघतच नाहीत. ६ सेकंदांची दोन मीटर लाट ही जवळच्या वाऱ्याने उठवलेली, त्रासदायक पण वरवरची, आणि १४ सेकंदांची दोन मीटर म्हणजे लांबून आलेली फुगोटी, खोल पाण्यात होडी नुसती वरखाली होते, कळतही नाही, पण उथळ पाण्यात आली की तिचा वेग कमी होतो आणि ती उभी राहते. ही फुगोटी कुठून येते? बऱ्याचदा दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांतून, विषुववृत्ताच्या पार खालून! १४-१५ सेकंदांच्या लाटांची ऊर्जा दिवसाला साधारण हजार किलोमीटर सरकते, म्हणजे तिकडे वादळ होऊन चार-पाच दिवस किंवा जास्त झाल्यावर इकडे स्वच्छ ऊन, वारा नाही, आणि किनाऱ्यावर लाटा आदळतायत. हिवाळ्यात इराणी आखाताकडचे शमाल वारे सुटले की वायव्येकडून पण फुगोटी कोकणापर्यंत पोचते. आकाशाकडे बघून हे कळायचा काही मार्ग नाही, इथे सॅटेलाईट आणि मॉडेलच पाहिजे.

आता खाडी. हर्णै तसं उघडं बंदर, सुवर्णदुर्गाचा थोडाफार आडोसा, त्यामुळे समुद्र खवळला की नौका आंजर्ल्याच्या खाडीत किंवा थेट जयगड, दिघीकडे पळतात. आंजर्ल्याच्या तोंडाशी गाळ आहे, ओहोटीला आत शिरणं म्हणजे जीवाशी खेळ. लाटेच्या उंचीच्या सव्वा-दीडपट एवढंच पाणी खाली उरलं की लाट फुटते, म्हणजे दोन मीटरची लाट अडीच-तीन मीटर पाण्यात फुटणार, आणि ओहोटीला तोंडावर तेवढंही नसतं.

भरती कधी? किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशोब अजून चालतो, तिथीची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पाऊण गुणिले पाच, पावणेचार वाजता भरती, अष्टमीला सहा, वद्य पक्षात परत प्रतिपदेपासून मोजायचं. मागचं विज्ञान पक्कं आहे, चंद्रामुळे भरती रोज ५० मिनिटांच्या आसपास पुढे सरकते, पाऊण तास हा त्याचा तोंडी हिशोब. त्यामुळे पौर्णिमा-अमावस्येला हिशोबाने सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात बाराच्या आसपास धरा. कॅलेंडर बघून सांगता येणारा असा दुसरा अंदाज नाही, मला तरी हे कुठल्याही ॲपपेक्षा भारी वाटतं.

आणि हे दुपारच्या वाऱ्याला जोडून बघा. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, भरती दुपारी बाराला, ओहोटी सहाला, म्हणजे खाडीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा ओढा तीनच्या सुमारास सगळ्यात जोरात, आणि खारा वारा पण नेमका तेव्हाच पूर्ण जोरात आत येतोय. पाणी बाहेर, लाटा आत, अशी समोरासमोर गाठ पडली की लाट आखूड आणि उभी होते, तोंडावर लाटांचे उभे कडे तयार होतात. अष्टमीला उलट, दुपारभर पाणी चढत असतं, होडी प्रवाहाबरोबर आत येते, फक्त भांगाची, म्हणजे लहान भरती असल्यामुळे एकूण पाणी कमी मिळतं. वाऱ्याचा आकडा दोन्ही दिवशी तोच असू शकतो, परतीची वेळ मात्र वेगळी ठरते.

बंदरावर लावतात त्या धोक्याच्या बावट्याचं थोडक्यात: १ आणि २ नंबर म्हणजे वादळ लांब समुद्रात, ३ नंबर म्हणजे बंदरालाच सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका. पावसाळ्यात ३ नंबर इतक्यांदा लागतो की लोक बघेनासे होतात, शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदीच असते, नौका शाकारलेल्या. खरी परीक्षा ऑगस्टमध्ये, बंदी उठते १ तारखेला, पण समुद्राला तारीख माहीत नसते, म्हणून बरेच जण नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतात आणि ते बरोबरच आहे.

चक्रीवादळाच्या बातमीत तर सगळे एकच विचारतात, किनाऱ्यावर कुठे धडकणार. ३ जून २०२० च्या निसर्गच्या वेळी अलिबागचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं, ते प्रत्यक्षात श्रीवर्धनजवळ आत शिरलं, ताशी ११०-१२० चा वारा, आणि तिथून पंचवीस-तीस किलोमीटर दक्षिणेला असलेल्या हर्णै, मुरूड, आंजर्ले पट्ट्यात नारळ-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांचे पत्रे उडाले. आपल्याकडे वादळ घड्याळाच्या उलट फिरतं, त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावर केंद्राच्या दक्षिणेकडच्या गावांना वारा समुद्राकडून येतो, लाटा घेऊन येतो, आणि वादळाची स्वतःची चाल त्यात मिळते. नकाशावर केंद्र आपल्या उत्तरेला दिसतंय म्हणून सुटलो असं हर्णैने समजायचं नाही. नेट गेलं, टॉवर बंद पडला तरी एक गोष्ट हातात राहते. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की केंद्र डाव्या हाताला, जरा पुढे असतं, आणि वारा पूर्वेकडून दक्षिणेकडे आणि मग पश्चिमेकडे वळत गेला तर आपण वादळाच्या उजव्या, म्हणजे जास्त जोराच्या बाजूला आहोत. दिशा बदलतच नसेल आणि जोर वाढतोय, तर केंद्र सरळ आपल्याकडेच येतंय.