‘इतर’पासून ‘एशियन इंडियन’पर्यंत: अमेरिकी नर्सिंग होममधील निवासी-नोंदींची पार्श्वभूमी

मराठीत ‘नर्सिंग होम’ म्हटले की दहा-वीस खाटांचे खासगी रुग्णालय डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ निराळा आहे. ज्यांना चोवीस तास मदत लागते आणि घरी सांभाळणे शक्य नसते, अशा माणसांचे ते दीर्घकाळचे, पुष्कळदा अखेरचे, राहण्याचे ठिकाण असते; म्हणून तिथे ‘रुग्ण’ न म्हणता ‘निवासी’ म्हणतात. मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठी) किंवा मेडिकेड (गरिबांसाठी) या सरकारी आरोग्य योजनांची मान्यता असलेल्या अशा प्रत्येक संस्थेला प्रत्येक निवाश्याविषयी ‘मिनिमम डेटा सेट’ नावाचा लांबलचक तक्ता भरावा लागतो: पहिला दाखल झाल्यापासून १४ दिवसांत, त्यानंतर दर तिमाहीला थोडक्यात आणि वर्षातून एकदा सविस्तर. त्याच्या पहिल्या विभागात नाव, जन्मतारीख, लिंग, वंश आणि भाषा यांचे रकाने आहेत. वरवर कारकुनी वाटणाऱ्या या रकान्यांमागे एक जुना प्रश्न आहे: माणूस कोण आहे हे कोणी सांगायचे, त्याने स्वतः की त्याच्याकडे पाहणाऱ्याने?

मेडिकेअर आणि मेडिकेडचा कायदा १९६५ मध्ये झाला आणि नर्सिंग होममध्ये सरकारी पैसा येऊ लागला. तरीही पुढची वीस वर्षे तपासणीचा भर इमारत, कर्मचारी आणि कागदपत्रे यांवरच राहिला. आत राहणाऱ्या माणसाची अवस्था सुधारते आहे की ढासळते आहे, हे सर्वत्र एकाच पद्धतीने नोंदवण्याची सोय नव्हती. इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने १९८६ च्या अहवालात नेमके यावर बोट ठेवले आणि प्रत्येक निवाश्याचे एकसारख्या पद्धतीने मूल्यमापन व्हावे अशी शिफारस केली. डिसेंबर १९८७ मध्ये झालेल्या कायद्याने ती बंधनकारक केली आणि १९९० नंतर हा तक्ता देशभर लागू झाला. जून १९९८ पासून तो संगणकावरून पाठवणे सक्तीचे झाले आणि त्याच वर्षी मेडिकेअरची देयकेही त्याच्याशी जोडली गेली. साहजिकच ज्या रकान्यांवर पैसे अवलंबून होते, ते काळजीपूर्वक भरले जाऊ लागले. वंशाच्या रकान्यावर एक छदामही अवलंबून नव्हता.

वंशाची नोंद मुळात नागरी हक्कांच्या अंमलबजावणीसाठी हवी होती. १९६४ च्या कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना वंशभेद करण्यास मनाई केली, पण भेद होतो आहे की नाही हे आकड्यांशिवाय दाखवता येत नव्हते, आणि प्रत्येक खाते आपापल्या पद्धतीने मोजत होते. म्हणून १९७७ मध्ये केंद्राच्या अर्थसंकल्प कार्यालयाने ‘निर्देश क्रमांक १५’ काढून सर्व खात्यांसाठी समान वर्ग ठरवून दिले. तक्त्याच्या नव्वदच्या दशकातील आवृत्तीत याच पठडीतले पाच पर्याय होते आणि त्यांतला एकच निवडायचा होता. आशियाई आणि पॅसिफिक बेटांवरचे लोक एकाच चौकटीत बसवले होते. १९९७ च्या सुधारणेने त्यांना वेगळे केले आणि एकाहून अधिक वंश नोंदवण्यास मुभा दिली. ती मुभा तक्त्यात उतरली ऑक्टोबर २०१० मध्ये, म्हणजे तब्बल १३ वर्षांनी.

मेडिकेअरच्या स्वतःच्या नोंदींची स्थिती याहून वाईट होती, कारण त्यांतला वंश सोशल सिक्युरिटी या सरकारी निवृत्तिवेतन योजनेच्या अर्जातून आलेला होता. १९३६ पासून १९८० पर्यंत त्या अर्जावर तीनच पर्याय होते: गोरा, निग्रो आणि इतर. साठ-सत्तरच्या दशकांत मुंबई-पुण्याहून गेलेल्या डॉक्टर-इंजिनिअरांनी पहिल्या नोकरीच्या वेळी हाच अर्ज भरला. म्हातारपणी मेडिकेअरमध्ये जाताना तेव्हाची खूण त्यांच्यासोबत गेली. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९७ मध्ये टपालाने प्रश्नावली पाठवून पाहिली, पुढे नावा-आडनावांच्या याद्यांवरून वंशाचा अंदाज बांधण्याची सूत्रेही तयार झाली. ज्यांच्या परिचयात गोव्याचे फर्नांडिस किंवा वसईचे परेरा आहेत, त्यांना आडनावावरच्या अंदाजाची मर्यादा वेगळी सांगायला नको.

भारतीयांचा स्वतंत्र रकाना मागून मिळालेला आहे. १९७० च्या जनगणनेत भारतीय वंशाचे लोक गोऱ्यांत मोजले गेले होते. स्थलांतरितांच्या संघटनांनी पाठपुरावा केल्यावर १९८० च्या जनगणनेत ‘एशियन इंडियन’ हा पर्याय आला. आरोग्य खात्याने आपल्या सर्वेक्षणांसाठी तो २०११ मध्ये स्वीकारला. नर्सिंग होमच्या तक्त्यात तो १ ऑक्टोबर २०२३ रोजी पोहोचला. जनगणनेपासून इथवर यायला ४३ वर्षे लागली.

या विलंबाची किंमत कोविडच्या साथीत दिसली. मे २०२० पासून नर्सिंग होमना बाधितांची आणि मृतांची संख्या केंद्राला कळवणे बंधनकारक झाले, पण ही संख्या संस्थेनुसार एकत्रित होती, तीत वंश नव्हता. कोणत्या समाजाची माणसे जास्त दगावली हे शोधण्यासाठी अभ्यासकांना कोणत्या संस्थेत कोण राहते याची जुनी माहिती शेजारी ठेवून आडून निष्कर्ष काढावे लागले.

माझ्या मते २०२३ च्या बदलातला महत्त्वाचा भाग पर्यायांची वाढलेली संख्या हा नाही. उत्तर कोणाकडून घ्यायचे, हा आहे. २०१० च्या नियमांनुसार आधी निवाश्याला, मग नातेवाइकांना विचारायचे होते, पण दोघांकडूनही उत्तर मिळाले नाही तर कर्मचाऱ्याने पाहून ठरवलेला वंशही चालत होता. नव्या सूचनांतून ती वाट वगळली गेली. निवासी उत्तर देऊ शकत नसेल तर कुटुंबीय किंवा पालक, आणि तेही नसतील तर वैद्यकीय कागदपत्रे. मात्र निवाश्यानेच सांगण्यास नकार दिला तर ‘नकार’ एवढेच नोंदवायचे. मुलाला विचारून किंवा जुने कागद चाळून ती जागा भरायची नाही. भाषेच्या बाबतीतही कोणती भाषा पसंत आहे आणि डॉक्टरांशी बोलताना दुभाषी हवा आहे का, हे स्वतंत्रपणे विचारायचे आहे. स्मृतिभ्रंशात मागाहून शिकलेली भाषा पुष्कळदा आधी सुटू लागते. उभे आयुष्य इंग्रजीत नोकरी केलेली बाई रात्री ‘पाणी दे गं’ म्हणू लागली, तर दाखल होताना लिहिलेले ‘इंग्रजी’ त्या वेळी काही कामाचे उरत नाही.

गंमत म्हणजे नवे रकाने लागू होऊन सहा महिने पुरते झाले नव्हते, तोच मार्च २०२४ मध्ये मूळ ‘निर्देश क्रमांक १५’ पुन्हा बदलला. वंश आणि हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक देशांतले) मूळ हे दोन वेगळे प्रश्न एकत्र करून मध्यपूर्व व उत्तर आफ्रिका हा नवा वर्ग जोडला गेला. तक्त्यातले नुकतेच बसवलेले दोन प्रश्न त्यामुळे लगेचच जुने झाले.

वंशाच्या मानाने नाव आणि जन्मतारीख सोपी वाटतात, पण नोंदी जुळवण्याचे काम याच दोन गोष्टींवर चालते. नाव मेडिकेअरच्या कार्डावर असेल तसेच लिहायचे असते. मराठी घरातल्या आजींचे माहेरचे नाव एक, लग्नात ठेवलेले दुसरे, पासपोर्टवर मधोमध यजमानांचे नाव. यांतले एखादे इकडचे तिकडे झाले की संगणक त्यांची आधीची नोंद न ओळखता नवीच व्यक्ती मानू शकतो. जन्मतारखेचे तसेच. केवळ साल ठाऊक असेल तर साल लिहून महिना व दिवस कोरे सोडण्याची मुभा सूचनांत स्पष्ट आहे. पण आपल्याकडच्या कित्येक ज्येष्ठांच्या कागदोपत्री १ जून ही तारीख असते, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी वयात बसेल अशी तीच लिहून टाकलेली असते. ती पासपोर्टवर आली, तिथून कार्डावर गेली, आणि तक्ता भरणाऱ्या परिचारिकेला तिच्यावर शंका घेण्याचे काही कारणच दिसत नाही.