प्रगत फिजिओथेरपीतील व्यावसायिक क्षमता

गुंतागुंतीचे रुग्ण स्वतंत्रपणे तपासणे, पुढचा निर्णय घेणे आणि त्याची जबाबदारी स्वीकारणे, या पदवीपुढच्या कामाला प्रगत फिजिओथेरपी म्हणतात. असे काम करणाऱ्याला नेमके काय जमले पाहिजे, हे तपासून पाहता येईल अशा शब्दांत लिहून काढणे म्हणजे क्षमतांची निश्चिती. नोकरीची वर्षे आणि भिंतीवरची कोर्सची प्रमाणपत्रे यांत धरली जात नाहीत.

इंग्लंडमध्ये अशा प्रगत कामासाठी केलेल्या २०१७ च्या आराखड्यात चार खांब आहेत : रुग्णसेवा, नेतृत्व, अध्यापन आणि संशोधन. तो भारतात जसाच्या तसा उचलता येत नाही. ब्रिटनमध्ये पात्र फिजिओथेरपिस्टना २०१३ पासून स्वतंत्रपणे औषधे लिहून देता येतात. भारतातल्या सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या राष्ट्रीय आयोग कायद्यात फिजिओथेरपिस्टच्या व्याख्येत तपासणी, निदान, उपचार आणि स्वतंत्र व्यवसाय आहे. औषधांचा उल्लेख नाही. अधिकार नसलेली क्षमता यादीत घातली की यादी शोभेची होते.

यादी बहुधा डेल्फी पद्धतीने ठरते. जाणकारांच्या मंडळाकडे क्षमतांची विधाने पाठवून प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण द्यायला सांगतात, सगळ्यांची मते नावे न सांगता परत दाखवतात, आणि अशा दोन-तीन फेऱ्या होतात. सहमतीची रेषा साधारण ७० ते ८० टक्क्यांवर असते. ती आधीच आखावी लागते. निकाल पाहून आखली तर हवे ते विधान पास करून घेता येते. दुसरी चूक मंडळ निवडताना होते. बेळगावच्या सीमाभागासाठी यादी करताना शहरातले प्राध्यापकच घेतले तर शिकवण्याची कलमे वाढतात. मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या निपाणीच्या बाईची मान आणि अंगठा, किंवा खानापूरकडे भातलावणीत वाकून धरलेली कंबर कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून तालुक्यात दवाखाना चालवणारे, अस्थिरोगतज्ज्ञ आणि रुग्णही मंडळात हवेत.

विधानात कृती, परिस्थिती आणि निर्णय हवा. ‘कंबरदुखीचे ज्ञान आहे’ हे तपासता येत नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘कंबर व पाय दुखणाऱ्या रुग्णाची दोन्ही पायांतली ताकद, घोट्याचा रिफ्लेक्स, बैठकीच्या जागेची संवेदना आणि लघवी-संडासवरचा ताबा तपासतो, कॉडा इक्विनावर (पाठीच्या कण्यातल्या खालच्या मज्जातंतूंच्या जुडग्यावर) दाबाची शंका आल्यास उपचार थांबवून त्याच दिवशी एमआरआय व शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात लेखी कारणासह पाठवतो.’ रात्री वाढणारी पाठदुखी, संध्याकाळचा ताप आणि घटणारे वजन असेल तर मणक्याचा क्षय वगळेपर्यंत मॅनिप्युलेशन (हाताने झटका देऊन सांधा हलवणे) करत नाही, हेही स्वतंत्र कलम हवे. ऊसतोडीचा मजूर म्हटले की दुखणे कष्टाचेच असणार असे धरले जाते, आणि क्षय तिथेच निसटतो.

सीमाभागात भाषेची क्षमता वेगळी लिहावी लागते. ‘पाय जड झालाय’ या तक्रारीत तीन-चार गोष्टी दडलेल्या असतात. टाचांवर चालता येत नसेल, अंगठा वर ओढताना ताकद कमी पडत असेल तर कमरेतल्या पाचव्या मज्जातंतूचा (एल५) विचार करावा. एका पायावर टाच पुन्हा पुन्हा उचलता येत नसेल तर त्याखालच्या माकडहाडाजवळच्या पहिल्या मज्जातंतूचा (एस१). थोडे चालल्यावर पोटरी भरून येते आणि थांबले की मोकळी होते, अशा वेळी रक्तपुरवठा कमी आहे का हे कळण्यासाठी पायाची नाडी बघावी. एकाच पोटरीला सूज असेल तर शिरेतल्या गुठळीची शंका घ्यावी आणि मालिश टाळावी. कानडी बोलणारा ‘नोवु’ म्हणाला तर दुखणे, ‘जोमु’ म्हणाला तर मुंग्या किंवा बधिरपणा. दोन्ही ‘दुखतंय’ म्हणून केसपेपरवर उतरले तर तपासणीची दिशाच बदलते. बैठकीच्या बधिरपणाचा प्रश्न संकोचाने गाळला जातो. ‘लघवी लागलेली कळते का, धुताना हात लागलेला जाणवतो का?’ असा साधा विचारावा. घरच्या माणसाला दुभाषी केले तर बाई खरे उत्तर देईलच असे नाही.

मोजमापातही काटेकोरपणा लागतो. सहा मिनिटांच्या चालचाचणीला ३० मीटरचा सरळ मार्ग हवा. दवाखान्याच्या १० मीटरच्या बोळात वळणे वाढतात, अंतर कमी भरते, आणि तो आकडा दुसरीकडच्या आकड्याशी जुळवून पाहता येत नाही.

मूल्यमापनासाठी वैद्यकीय शिक्षणातले अभ्यासक जॉर्ज मिलर यांची १९९० ची उतरंड वापरतात : माहीत आहे, कसे करायचे ते माहीत आहे, करून दाखवतो, प्रत्यक्षात करतो. लेखी परीक्षा पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबते. चौथ्यासाठी परीक्षकाने ओपीडीत बसून रुग्ण पाहताना निरीक्षण करावे. एका प्रसंगावर निकाल देऊ नये, रुग्ण आणि परीक्षक दोन्ही बदलावेत. लॉगबुक, म्हणजे पाहिलेल्या रुग्णांची नोंदवही, पूरक म्हणून ठीक, पण त्यातून संख्या कळते, निर्णय कळत नाही.

इथला रुग्ण मिरज-कोल्हापूरलाही जातो. त्यामुळे पाठवणीची चिठ्ठी इंग्रजीत आणि घरी करायच्या व्यायामाचा कागद रुग्ण वाचतो त्या लिपीत, चित्र आणि आकड्यांसह, असे कलम उपयोगी पडते. रुग्णाला निघण्यापूर्वी तो व्यायाम एकदा करून दाखवायला लावावा.