गोव्यातील स्थानिक संस्थांवरील सरकारी नियंत्रण

गोव्यातील ग्रामपंचायती, जिल्हा पंचायती, नगरपालिका आणि पणजी महानगरपालिका यांच्या कारभारावर केंद्र व राज्य सरकारकडून चालणारी देखरेख. राज्यघटनेनुसार स्थानिक शासन हा राज्यसूचीतील विषय आहे. त्यामुळे एखाद्या पंचायतीचा ठराव रद्द करणे किंवा सरपंचाला पायउतार करणे दिल्लीला थेट जमत नाही. दिल्लीचा हात पोहोचतो तो निधीच्या अटींतून आणि किनारपट्टीच्या नियमांतून. रोजचा लगाम मात्र पणजीकडे, म्हणजे राज्य सरकारकडे असतो आणि तो बराच आवळलेला आहे.

पोर्तुगीज अमलात गावात सरकारनियुक्त रेजिदोर, म्हणजे गावप्रमुख असे. गावजमीन सांभाळणाऱ्या कोमुनिदादींवरही सरकारी प्रशासकाची नजर असे. कोमुनिदादींची ही व्यवस्था १९६१च्या कोमुनिदाद संहितेच्या आधारे आजही चालू आहे. मुक्तीनंतर १९६२ साली राष्ट्रपतींनी काढलेल्या विनियमाने ग्रामपंचायती आल्या आणि त्याच वर्षी त्यांच्या निवडणुका झाल्या. विधानसभेची पहिली निवडणूक डिसेंबर १९६३ची, म्हणजे गोमंतकीयांनी आमदाराआधी पंच निवडला. ३० मे १९८७ रोजी घटकराज्य होईपर्यंत गोवा केंद्रशासित होता. त्या काळात केंद्राची देखरेख नायब राज्यपालांमार्फत चाले.

पंचायती व नगरपालिकांना घटनात्मक दर्जा देणाऱ्या ७३व्या व ७४व्या घटनादुरुस्तीनंतर गोवा पंचायत राज कायदा, १९९४ अस्तित्वात आला. लोकसंख्या वीस लाखांपेक्षा कमी असल्याने मधली तालुका पातळी गोव्याने ठेवली नाही. १९१ ग्रामपंचायती आणि त्यांच्यावर जिल्हा पंचायती अशी दोनच पायऱ्यांची रचना आहे. शहरांसाठी १९६८चा नगरपालिका कायदा आणि पणजीपुरता २००२चा महानगरपालिका कायदा लागू आहे. नगरपालिका तेरा आहेत.

नियंत्रणाची खरी कळ कर्मचाऱ्यांत आहे. पंचायत सचिव पंचायत संचालनालयाचा माणूस असतो, तर नगरपालिकेचा मुख्याधिकारी सरकार पाठवते. रविवारच्या ग्रामसभेत सरपंच खुर्चीवर आणि सचिव शेजारी इतिवृत्ताची वही उघडून बसलेला, हे चित्र गावोगाव दिसते. तावातावाने झालेल्या वादातले नेमके काय वहीत उतरले यावर पुढच्या ग्रामसभेचा पहिला अर्धा तास जातो. गावकऱ्यांची ही कुरकुर उगीच नाही, कारण वर तक्रार गेली की गटविकास अधिकारी आणि संचालनालय त्या वहीकडेच बघतात.

बांधकामे हा सर्वात तापणारा विषय. पंचायत राज कायद्याच्या ६६व्या कलमानुसार बांधकाम परवान्याच्या अर्जावर पंचायतीने तीस दिवसांत निर्णय कळवायचा असतो. तो न कळवल्यास अर्जदार पंचायत उपसंचालकाकडे अपील करू शकतो. बेकायदा बांधकामाची माहिती मिळूनही पंचायत महिनाभर गप्प बसली, तर तिचे अधिकार उपसंचालकाने हाती घ्यायचे असतात. ही तरतूद कागदावर कडक आहे. प्रत्यक्षात पंचायत आणि उपसंचालक दोघेही थंड राहिले की प्रकरण उच्च न्यायालयात जाते. कळंगुट, हणजूणसारख्या किनारी गावांत हे वारंवार घडले आहे. तिथे आणखी एक यंत्रणा आहे, गोवा किनारपट्टी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण. ते १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नेमलेले. पंचायतीने ना हरकत दाखला, घर क्रमांक, घरपट्टीची पावती असे सगळे दिलेले असले तरी किनारपट्टी नियमांत न बसणारे बांधकाम पाडायचा आदेश हे प्राधिकरण देऊ शकते.

निधीच्या बाजूने केंद्राची पकड वेगळी. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातील ग्रामीण अनुदानात साठ टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेशी बांधलेली होती. उरलेली चाळीस टक्के स्थानिक गरजेप्रमाणे, पण पगारावर नाही. हिशेब ऑनलाइन चढवल्याशिवाय पैसे सुटत नसत. शहरी अनुदानासाठी राज्याने मालमत्ता कराचे किमान दर जाहीर करावेत, अशीही अट होती.

निवडणुकांबाबत गोव्याचे एक प्रकरण देशभर लागू पडले. २०२१ मध्ये मडगाव, मुरगाव, म्हापसा, केपे आणि सांगे या पाच नगरपालिकांच्या प्रभाग आरक्षणाचा आदेश उच्च न्यायालयाने रद्द केला. राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा कायदा सचिवांकडेच राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार असल्याचे ठळकपणे पुढे आले. १२ मार्च २०२१च्या निकालात न्यायालयाने बजावले की केंद्र किंवा राज्य सरकारात पद धारण करणाऱ्या व्यक्तीला राज्य निवडणूक आयुक्त नेमता येणार नाही. पुढच्याच वर्षी पंचायतींची मुदत जूनमध्ये संपली, तरी मतदान ठरेना. सरकारने प्रशासक बसवले. उच्च न्यायालयाने ४५ दिवसांची मुदत घालून दिल्यावर १० ऑगस्ट २०२२ रोजी ऐन पावसात मतदान झाले.

जिल्हा पंचायती यात सर्वात दुबळ्या राहिल्या. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींना सोपवता येतील असे २९ विषय आहेत. गोव्यात नळाचे पाणी, वीज आणि सरकारी शाळा खात्यांकडेच राहिल्याने जिल्हा पंचायत सदस्याच्या वाट्याला बहुधा गटार, संरक्षक भिंत किंवा स्मशानभूमीची शेड अशी लहान कामे येतात.