अपंग व्यक्तींच्या गप्प राहण्याचा अभ्यास उशिरा का सुरू झाला

१८८० साली मिलानमध्ये भरलेल्या परिषदेत कर्णबधिर मुलांना खुणांच्या भाषेऐवजी तोंडी भाषेतूनच शिकवावं, असा ठराव झाला. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. पुढे कित्येक शाळांत मुलांच्या खुणांवर बंदी आली. या ठरावाबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडावं लागलं.

अशी बंदी उघड दिसते तरी. माणूस आपणहून तोंड मिटतो, ते टिपणं फार अवघड. १९६३ मध्ये समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी समाजाने लावलेल्या कलंकावर लिहिताना लपवाछपवीचे बारकावे मांडले: काही जण आपलं वेगळेपण दडवतात, तर ज्यांचं दिसतंच ते समोरच्याला अवघडायला होऊ नये म्हणून धडपडतात. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना आजारामुळे आधाराशिवाय चालता येत नसे, तरी त्यांचे व्हीलचेअरवरचे फोटो हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. एवढं मोठं पदही त्या धडपडीतून सुटका करू शकलं नाही.

१९६६ मध्ये ब्रिटनमधले अपंग कार्यकर्ते पॉल हंट यांनी अपंग व्यक्तींनीच लिहिलेले निबंध एकत्र छापले. पुढे त्यांच्याच संघटनेने १९७६ मध्ये ठणकावून सांगितलं की, माणसाला अपंग करतो तो समाज. ही मांडणी हवीच होती. पण जिने, दारं, नोकऱ्या यांच्या लढाईत मनात दाबून ठेवलेलं बोलायला जागा उरली नाही. नव्वदच्या दशकात अपंगांच्या चळवळीतल्या स्त्रियांनीच ही उणीव दाखवून दिली.

दरम्यान अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅना जॅक नैराश्याने ग्रासलेल्या स्त्रियांशी बोलत होत्या. नातं टिकावं म्हणून स्त्रिया स्वतःला गप्प करतात, हे त्यांनी १९९१ मध्ये मांडलं आणि पुढच्याच वर्षी हे गप्प होणं मोजणारी ३१ विधानांची प्रश्नावली आली. दीर्घ आजारांच्या अभ्यासातही ती वापरली गेली.

माझ्या मते अपंगत्वाच्या बाबतीत ती जशीच्या तशी पुरी पडत नाही. जो हात रोज आंघोळ घालतो, त्याच्याबद्दल तक्रार कशी करायची? इथे प्रेम जाण्याइतकीच उद्याच्या आंघोळीचीही भीती असते. त्यात मुलाखतीच्या वेळी ती सांभाळणारी व्यक्तीच शेजारी बसलेली असते, बरेचदा उत्तरंही तीच देते, आणि नोंद होते: ‘काही त्रास नाही.’ म्हणून प्रश्नावली काढण्याआधी संशोधकाने त्या दोघांना वेगवेगळं भेटायची सोय करायला हवी.