लॅपटॉप नसला तर इंजिनिअरिंगची सीट जाते का?

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की एक फॉरवर्ड फिरतो: "इंजिनिअरिंगला स्वतःचा लॅपटॉप कंपल्सरी, 16 जीबी रॅमचा, बिल दाखवल्याशिवाय ॲडमिशन कन्फर्म होत नाही."

तसं नाहीये. कॅप राउंडच्या, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेशप्रक्रियेच्या, माहितीपुस्तिकेत लागणाऱ्या कागदपत्रांची यादी असते ती एकदा वाचा, मार्कशीट, एलसी, डोमिसाईल, जात प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेयर असलं सगळं आहे, लॅपटॉपच्या बिलाचं नाव कुठेच नाही. आणि कॉलेजला मान्यता हवी तर विद्यार्थीसंख्येच्या हिशोबाने कॉम्प्युटर लॅब ठेवावीच लागते, म्हणजे प्रॅक्टिकलची सोय ही कॉलेजची जबाबदारी.

मग ही समजूत आली कुठून? काही खाजगी विद्यापीठं, एमबीए किंवा डिझाईनचे कोर्स खरंच लॅपटॉप आणायला सांगतात, पण ते त्यांच्या प्रॉस्पेक्टसमध्ये लेखी असतं. ते लेखी असेल तर पाळा, नुसतं कोणी तोंडी सांगितलं तर ऑफिसात जाऊन "कुठे लिहिलंय?" विचारा.

लॅपटॉपचा उपयोग नाही असं नाही हं, असाइनमेंटला, प्रोजेक्टला सोयीचं पडतं. पण फर्स्ट इयरचा सिलॅबस बघा, सी किंवा पायथनचे छोटे प्रोग्रॅम जुन्या 4 जीबीच्या मशीनवर आरामात चालतात. थ्रीडी कॅडसारखं (कॉम्प्युटरवर डिझाईन काढायचं) जड काम ब्रँचप्रमाणे येतं, तेव्हा सीनियर्सना विचारून घ्या. एज्युकेशन लोन काढणार असाल तर कोर्सला गरजेच्या कॉम्प्युटरचा खर्च त्यात धरता येतो, बँकेत आधीच विचारून ठेवा.