वेल्डर ट्रेड प्रशिक्षण (बेळगाव सीमाभाग)

वेल्डर हा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, शिकवला जाणारा एक वर्षाचा ट्रेड आहे. धातूचे दोन तुकडे उष्णतेने वितळवून एकजीव करणे हे त्यातले मूळ काम. आखणी, कापणे, घासणे, जोड तपासणे आणि हे सगळे करताना स्वतःला जपणे हेही त्यातच येते. वर्षाअखेर अखिल भारतीय परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात (२०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी) बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या मराठीभाषक पट्ट्यात या प्रमाणपत्राला खास मोल आहे. इथल्या मुलाचे घर एका राज्यात असते, काम मात्र दोन राज्यांत मिळू शकते, आणि हा कागद दोन्हीकडे चालतो.

प्रमाणपत्र कोणाचे?

आयटीआयचे शिक्षण १९५० मध्ये सुरू झालेल्या शिल्पकार प्रशिक्षण योजनेखाली चालते. संस्था राज्य सरकारची किंवा खासगी असली, तरी अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्र केंद्राच्या प्रशिक्षण महानिदेशालयाचे असते. ज्या राष्ट्रीय व्यावसायिक प्रशिक्षण परिषदेच्या नावाने लोक त्याला आजही ‘एनसीव्हीटी’ म्हणतात, ती १९५६ मध्ये स्थापन झाली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेला सीमावादाचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत रहिवासी दाखला, जातीचा दाखला, राज्याच्या कोट्यातली जागा हे सगळे सीमेपाशी अडते. ट्रेडचे प्रमाणपत्र मात्र अडत नाही. निपाणीत किंवा बेळगावात मिळवलेले प्रमाणपत्र महाराष्ट्रातल्या कागलच्या कारखान्यात तितकेच ग्राह्य धरतात.

म्हणूनच प्रवेश घेण्याआधी एक गोष्ट नक्की विचारावी: या संस्थेचा हा ट्रेड, याच तुकडीसाठी, केंद्राकडे संलग्न आहे का? केवळ राज्य परिषदेची मान्यता असलेले वर्गही असतात आणि तीन महिन्यांचे लघु अभ्यासक्रमही असतात. ते निरुपयोगी नाहीत, पण त्यांना या प्रमाणपत्राची जागा घेता येत नाही. फी भरून झाल्यावर हा फरक कळणे घराला परवडत नाही.

प्रवेश आणि परीक्षा

किमान वय १४ आणि शिक्षण आठवी उत्तीर्ण, एवढ्यावर या ट्रेडला प्रवेश मिळतो. तरीही दहावी पूर्ण करूनच यावे. रेल्वेच्या शिकाऊ उमेदवारीसह अनेक भरत्यांत आयटीआयबरोबर दहावीही मागतात, आणि आठवीवर आलेला चांगला कारागीर तिथे दारातच थांबतो. २०२२ च्या सुधारित अभ्यासक्रमानुसार वर्षाचे १२०० तास असतात. त्यांपैकी ८४० तास प्रात्यक्षिक, २४० तास ट्रेड थिअरी आणि १२० तास रोजगारक्षमता कौशल्ये. त्याखेरीज १५० तास प्रत्यक्ष कारखान्यात किंवा प्रकल्पावर काढायचे असतात. थिअरीची परीक्षा संगणकावर होते आणि तिथे ३३ टक्के पुरतात. प्रात्यक्षिकाला ६० टक्के लागतात. ही विभागणी योग्यच आहे, कारण या धंद्यात शेवटी हातालाच उत्तर द्यावे लागते.

वर्कशॉप

पहिले काही आठवडे बहुतेक मुलांना नीरस वाटतात. हॅक्सॉने पट्टी कापणे, कानस मारून कडा सरळ करणे, गुण्यात तपासणे, पंचने खुणा करणे. वेल्डिंग मशीन शेजारी दिसत असते आणि हातात कानस असते. पण प्लेटच्या कडा नीट तयार नसतील, गंज, रंग किंवा तेल राहिले असेल, तर पुढचा टाका कितीही सुबक दिसला तरी आतून पोकळ निघतो.

मग आर्क, म्हणजे रॉड आणि प्लेट यांच्यामध्ये पेटणारी विजेची ज्योत, लावायला शिकवतात. होल्डरमध्ये रॉड धरायचा, प्लेटवर काडी ओढल्यासारखा घासायचा आणि लगेच किंचित उचलायचा. उचलायला उशीर झाला तर रॉड चिकटतो, जास्त उचलला तर आर्क विझतो. साधारण रॉडच्या तारेच्या जाडीइतके अंतर राखायचे असते. रॉड जळत आखूड होत जातो, त्यामुळे हात एकाच वेळी पुढे आणि खाली, एका गतीने चालावा लागतो. शिकताना बहुधा ई ६०१३ जातीचा, ३.१५ मिलिमीटरचा रॉड देतात आणि त्याला साधारण ९० ते १३० अँपिअर करंट ठेवतात. करंट कमी पडला तर धातू प्लेटवर ढिगासारखा बसतो, मुरत नाही. जास्त झाला तर कडेला चर पडते, तिला अंडरकट म्हणतात. नीट बसलेल्या आर्कचा आवाज सलग आणि दाट येतो. सराव झालेले जेटीओ (कनिष्ठ प्रशिक्षण अधिकारी, मुलांचे ‘सर’) पाठमोरे उभे असले तरी आवाजावरून कोणाचा हात चुकला ते सांगतात.

सरळ रेषेतले बीड (टाक्याची सलग ओळ) जमले की जोड येतात: टी, लॅप, कॉर्नर, मग कडेला कड भिडवून व्ही घेतलेला बट जोड. बट जोडात पहिला रूट रन सगळ्यात महत्त्वाचा, कारण तो मुळापर्यंत पोचला नाही तर वरचे सगळे थर शोभेचे ठरतात. प्रत्येक थरानंतर चिपिंग हॅमरने टाक्यावर जमलेली कीट काढून वायर ब्रश मारायचा. कंटाळा करणाऱ्याची कीट जोडात अडकते आणि वाकवून पाहण्याच्या चाचणीत तुकडा तिथेच उघडतो. सपाट स्थितीनंतर आडवी, खालून वर चढणारी उभी आणि शेवटी डोक्यावरची. उभ्या जोडात वितळलेला धातू ओघळू न देता त्याच धातूचा आधार करत वर चढायचे असते. मुलगा वेल्डर होणार की नाही हे माझ्या मते इथेच कळते.

गॅसचा भाग वेगळी शिस्त मागतो. ऑक्सिजनचे सिलिंडर काळे, ॲसिटिलीनचे मरून. ऑक्सिजनच्या नळाला उजवे आटे, ॲसिटिलीनला डावे, म्हणजे गडबडीतही एकाचा रेग्युलेटर दुसऱ्याला बसू नये. ऑक्सिजनच्या आट्यांना तेल किंवा ग्रीस लावणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. शेतावरच्या पंपाला सवयीने ग्रीस लावणाऱ्या मुलाला हे पहिल्याच दिवशी बजावावे लागते. दोन्ही वायू सम प्रमाणात असलेली न्यूट्रल ज्योत सुमारे ३२०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. तिच्यावर पातळ पत्रा जोडणे आणि ब्रेझिंग (मूळ धातू न वितळवता दुसऱ्या धातूने जोडणे) शिकवतात, कापण्यासाठी वेगळा कटिंग टॉर्च असतो.

वर्षाच्या उत्तरार्धात सीओटू (मिग) आणि टिग या वायूच्या आवरणाखाली चालणाऱ्या वेल्डिंगच्या पद्धती येतात. सीओटूमध्ये तार मशीनमधून सलग येत राहते, म्हणून काम झपाट्याने होते. फॅब्रिकेशनच्या बहुतेक कारखान्यांत आता हेच चालते. टिगमध्ये टंगस्टनचा आर्क, आर्गॉनचे आवरण आणि दुसऱ्या हातात फिलर तार असते. ॲल्युमिनियम जोडायचे तर एसी करंट लागतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर वितळायला २००० अंशांहून अधिक लागतात. एसीच्या दर आवर्तनात तो थर फुटत जातो. हा ऑक्साइड म्हणजे अल्युमिना. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बॉक्साइटपासून बेळगावच्या हिंडाल्को कारखान्यात (जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘इंडाल’) जी पांढरी पूड बनते, तीच. जिथे पाठ्यपुस्तकातले रसायन गावाच्या वेशीवर दिसते, तिथे शिकवणाऱ्याने ते दाखवावे.

डोळे, धूर आणि पाऊस

आर्कच्या अतिनील किरणांनी डोळ्यांना होणारी इजा त्या क्षणी जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचू लागते, पाणी वाहते, उजेड सहन होत नाही. बटाट्याच्या चकत्या ठेवून रात्र काढायची रीत गावोगावी आहे. खरा उपाय डॉक्टरकडे जाणे हा, आणि त्याआधीचा म्हणजे १० किंवा ११ नंबरची काच असलेला स्क्रीन तोंडासमोर असल्याशिवाय आर्क न लावणे. शेजारच्या बूथमधला आर्कही तितकाच घातक, म्हणून मधले पडदे हवेतच. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा किंवा पाइप वेल्ड करताना निघणारा पांढरा धूर थंडीताप आणतो. मुलामा आधी घासून काढावा आणि काम मोकळ्या हवेत करावे.

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला आणि बेळगावच्या आसपास पावसाळा जोराचा असतो. दमट हवेत रॉडचे आवरण ओल धरते आणि टाक्यात बारीक छिद्रे पडतात. साधे रुटाइल रॉड (ई ६०१३ त्यातलाच) १०० अंशांच्या आसपास तासभर तापवून घेतात, ई ७०१८ सारख्या लो-हायड्रोजन रॉडना ३०० अंशांच्या वर भट्टी लागते. ओले हातमोजे, ओली फरशी आणि सोललेली केबल एकत्र आली तर शॉक जिवावर बेततो. आर्क नसतानाही होल्डरवर ७०-८० व्होल्ट दाब असतो.

भाषा

मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला वर्गात कन्नड आणि इंग्रजी ऐकावे लागते. वर्कशॉपमध्ये अडचण कमी येते, कारण अवजारांची नावे सगळ्यांची सारखीच आणि सरांचा हात पाहून शिकता येते. अडते ते थिअरीत. चेन्नईच्या राष्ट्रीय अनुदेशात्मक माध्यम संस्थेची (निमी) ट्रेडची पुस्तके मराठीतही आहेत. अभ्यासक्रम देशभर एकच असल्याने महाराष्ट्रातल्या मुलांसाठी छापलेले पुस्तक इथे जसेच्या तसे लागू पडते. ते शेजारी ठेवून अभ्यास करावा. त्याच वेळी कामापुरते कन्नड शिकून घ्यावे, कारण बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातल्या शेडमध्ये मिस्त्री आणि हेल्पर दोन्ही भाषांत बोलतात, आणि घाईत मिळालेली सूचना न कळणे तिथे धोक्याचे असते.

कामे कुठली?

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे भागात फाउंड्री, मशीन शॉप आणि हायड्रॉलिक्सची कामे आहेत. फाउंड्रीतल्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) कास्टिंगची दुरुस्ती नाजूक असते. आधी तापवून, निकेल रॉडने छोटे छोटे टाके घालून, राखेत किंवा वाळूत सावकाश थंड करावी लागते, नाहीतर शेजारीच नवी चीर जाते. गावोगावच्या वेल्डिंग दुकानांत ट्रॅक्टर ट्रॉली, नांगर, शेड, ग्रील, गेट चालू असते. सीमेपलीकडे बेळगाव-वेंगुर्ले रस्त्यावर चंदगड तालुक्यातली शिनोळी वसाहत आहे, आणि निपाणीकरांना महामार्गावर कागल, पुढे गोकुळ शिरगाव आणि शिरोली.

सगळ्यात मोठे गिऱ्हाईक साखर कारखाने. कर्नाटकात सर्वाधिक साखर कारखाने याच जिल्ह्यात आहेत. गाळप संपले की पाइपलाइन, टाक्या, कॅरिअर यांची दुरुस्ती निघते. हंगाम चालू असताना एक खास काम असते: मिलच्या बिडाच्या रोलरचे दात गुळगुळीत होऊन ऊस घसरू लागतो, तेव्हा फिरत्या रोलरवरच विशेष रॉडने खरबरीत ठिपके चढवतात. त्याला रोलर आर्किंग म्हणतात. हे काम आयटीआयत शिकायला मिळत नाही, जुन्या वेल्डरच्या हाताखालीच शिकावे लागते.

बॉयलरच्या दाबाखालच्या भागांना मात्र ट्रेडचे प्रमाणपत्र पुरत नाही. त्यासाठी बॉयलर विनियमांनुसार वेगळी पात्रता चाचणी असते आणि ते प्रमाणपत्र मुदतीने नूतनीकरण करावे लागते. १९२३ च्या बॉयलर कायद्याची जागा आता २०२५ च्या कायद्याने घेतली आहे.

पुढचा रस्ता

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनावर काम करून राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र मिळवता येते. हुबळीचे रेल्वे वर्कशॉप या ट्रेडचे शिकाऊ घेते. पाइप वेल्डिंगमध्ये हात बसवून ४५ अंशांत तिरक्या धरलेल्या पाइपची, म्हणजे ६जी स्थितीची, चाचणी देणाऱ्याला रिफायनरी आणि परदेशी कामांसाठी मागणी असते. शिकवण्याची आवड असेल तर शिल्प निदेशक प्रशिक्षण योजनेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. सीमाभागातल्या मुलांनी तो जरूर करावा. मराठी आणि कन्नड दोन्हींत समजावून सांगू शकणारा वेल्डिंगचा शिक्षक इथल्या प्रत्येक आयटीआयला हवा आहे.